सात वाईट पायऱ्या

गुडघेबाई व्हरांड्यातून गुडघ्यांवर चालत निघाल्या होत्या आणि त्यांच्या मागे तीन चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्यांची एक जोडी अशी वाहतूक तुंबली होती.

"बाई, हॉर्न वाजवू?" मागून कोणीतरी विचारलं.

"वाजव हवा तेवढा. पण माझं माप चुकलं तर ते तुझ्या नावावर."

हॉर्न वाजला, तोही तोंडाने आणि भरपूर थुंकीसकट. बाईंनी टेप कठड्याला लावला, आकडा वाचला, कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिला आणि मगच भिंतीशी सरकून वाट दिली. एकेक खुर्ची पुढे गेली. शेवटच्या कुबडीवाल्याने जाताजाता त्यांच्या डोक्यावर टपली मारली. इतक्या मोठ्या माणसाच्या डोक्यापर्यंत हात पोचण्याची संधी आयुष्यात कितीदा येते!

बाईंचं खरं नाव नकाशांच्या कोपऱ्यात सहीपुरतं उरलं होतं. मुलांसाठी बांधायचं तर मुलांच्या उंचीवरून बघायला हवं, असं त्या म्हणत, आणि नुसतं म्हणून गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. हे उपचार केंद्र बांधलं तेव्हा त्या दोन वर्षं गुडघ्यांवर वावरल्या. त्यांचा शिंपी म्हणे त्यांना लांबून बघितलं की सुईत दोरा ओवूनच बसायचा. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी गुडघ्यांवरच इमारत दाखवली. त्यांतल्या दोघांना पुन्हा उभं करायला केंद्राचा व्यायामाचा विभाग ठरल्या वेळेआधीच चालू करावा लागला.

पण इमारत झाली ती अशी, की कोणी नावं ठेवायला जावं आणि बोलता बोलता तिथेच बसून राहावं. पडून राहणाऱ्या मुलालाही झाड दिसेल इतक्या खाली खिडक्या. दाराच्या मुठी करंगळीने दाबल्या तरी उघडणाऱ्या. कठड्याला दर दहा पावलांवर एक खाच, म्हणजे किती चाललो ते बोटांना आपोआप कळावं. नाव लिहून घेण्याची खिडकी इतकी बुटकी, की तिथे वाकायची पाळी मोठ्यांवर यायची आणि मुलं ते बघून खूश व्हायची. वरच्या मजल्यावर जायला अंगणातल्या झाडाभोवती वळत जाणारा उतार होता. साऱ्या इमारतीत पायरी म्हणून नव्हती. दारातल्या पितळी पाटीवर तसं लिहिलंच होतं: 'या इमारतीत एकही पायरी नाही.' हे वाक्य बाईंचं होतं, आणि लांबलांबून लोक येऊन त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढत.

बाई उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात समोर आणखी एक खुर्ची येऊन थांबली.

गुडघ्यांवरच्या माणसाला आधी बूट दिसतात. हे बूट बाईंच्या ओळखीचे होते. तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, दोन्ही बाजूंना आधाराच्या पट्ट्या. याच केंद्रात मापाने शिवलेले, आठ महिन्यांपूर्वी. खुर्चीच्या पायटेकावर ते जरा तिरके पडले होते आणि त्यांचे तळवे दिसत होते. तळव्यांवर छापलेला मापाचा आकडा अजून लख्ख वाचता येत होता.

बाईंनी वर पाहिलं.

"इंजिन?"

मुलगी नऊ वर्षांची होती. दोन ऑपरेशनं होऊन सहाव्या वर्षी ती इथे आली, तेव्हा तिला नुसतं उभं करायला दोन माणसं लागत. मग तिने चालायची चौकट हातात घेतली आणि प्रत्येक पावलाला वाफ सोडायला सुरुवात केली. छुक. थांबा. छुक. व्हरांड्याच्या वळणावर शिट्टी. तीन वर्षांत तिने चौकट टाकली, नुसत्या कठड्याला धरून चालली, आणि मग एका सकाळी त्यालाही न धरता मोठ्या दारातून बाहेर पडून घरी गेली. तेव्हा इतक्या टाळ्या झाल्या, की अंगणातल्या झाडावरची पाखरं दोन दिवस परत फिरकली नाहीत.

"काय गं, गाडी उभी का?" बाईंनी विचारलं.

"तिकडे रूळ नाहीत," मुलगी म्हणाली. तिने ते हसून सांगितलं नाही आणि रडूनही नाही. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस सांगतो, तसं सांगितलं.

खुर्ची ढकलणारा तिचा बाप होता. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतणारा, बारीक अंगाचा माणूस. बोटांना खडूचा रंग कायमचा बसलेला. तो वाकला आणि हळूच बोलला, जणू आवाज चढला तर इथली कुठलीतरी वस्तू फुटेल.

"मॅडम, इथे चालायची हो. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. घरी नेली आणि चालायचीच थांबली. आमचंच काहीतरी चुकत असणार. आम्हाला ते तुमच्यासारखं जमत नाही."

बाई तशाच गुडघ्यांवर राहिल्या आणि खुर्ची व्यायामाच्या खोलीकडे गेली.

*

तासाभराने ताई बाहेर आल्या. ताई म्हणजे इथल्या व्यायाम शिकवणाऱ्या. आवाज खणखणीत, हात लोहाराचे. त्यांच्या हाताखाली रडलेली मुलं पुढे त्यांनाच चिकटून फोटो काढायची. आज त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि टॉवेलला उगाच हात पुसू लागल्या.

"दोन्ही गुडघे आखडलेत," त्या म्हणाल्या. "आठ महिने खुर्ची, पलंग आणि बापाची कड. आता सरळ होत नाहीत."

"मग? पुन्हा तीन वर्षं लावू."

"डॉक्टर तिसऱ्यांदा चिरायला तयार नाहीत. तेव्हा ती सहा वर्षांची होती, हलकी होती. आता वजन वाढलंय, हाडं वाढलीत." त्यांनी टॉवेलची घडी घातली. "दुखू नये एवढं बघू. चालणं झालं तिचं."

"पण घरी नक्की झालं काय?"

"झालं काय म्हणजे? घर झालं. उंच जोत्यावर राहतात. सात पायऱ्या, एकीसारखी दुसरी नाही. हिने पहिल्या दिवशी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पडली. दुसऱ्या दिवशी पडली. तिसऱ्या दिवशी बापाने उचलून घेतली. त्याच्या जागी मी असते तर मीही घेतली असती."

"पायऱ्यांचा सराव करवून घेत होतात ना तुम्ही?"

ताईंनी खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पायऱ्यांचं लाकडी खोकं होतं. तीन पायऱ्या, प्रत्येकी चार इंचांच्या, कोपरे गोल केलेले, वर मऊ रबर. बाईंनीच करून दिलेलं.

"त्यावरून तर ढेकूणसुद्धा चढेल," ताई म्हणाल्या.

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

ताई आत गेल्या आणि जुनी फाइल घेऊन आल्या. इमारत बांधायच्या आधी काय काय हवं याची ताईंनी दिलेली यादी त्यात होती. एकोणिसावा मुद्दा: 'एक वाईट जिना. पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, एखादी हलणारी, कठडा एकाच बाजूला.' त्यावर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाला बाईंच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: 'कशाला?'

बाईंनी तो शब्द वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून हातात धरला, कारण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"मी तरी कुठे भांडले?" ताई म्हणाल्या. "मलाही आवडायची तुमची इमारत. रोज सकाळी आत शिरताना वाटायचं, जग असंच आहे."

"बाकीची मुलं? घरी गेलेली?"

"या आठवड्यात एकवीस घरी फोन केले."

"आणि?"

"सांगू?"

बाईंनी मान हलवली. सांगा म्हणून की नको म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अकरा बसून आहेत," ताई म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई टेप, वही आणि मिस्त्रींना घेऊन त्या घरी गेल्या.

मिस्त्री म्हणजे केंद्र ज्यांच्या हातांनी उभं राहिलं ते. वय अडुसष्ट, छाती आणि बढाई दोन्ही शाबूत. आपण रचलेल्या ओळीवरून पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला वाहावं हे पाण्याला कळत नाही, असं ते सांगत, आणि तसं एकदा खरंच झालं होतं, पाणी संध्याकाळपर्यंत तिथेच विचार करत उभं होतं, असंही सांगत. त्या घराचा जिना त्यांनी खालून पाहिला आणि नाक दाबून धरलं, जणू आत काहीतरी मरून पडलंय.

"हे कोणी बांधलं? बांधलं की वरून टाकलं?"

"मिस्त्री, हळू. ऐकतील."

"ऐकू द्या! माणूस आहे की शत्रू?"

अरुंद बोळातून वर जाणारा तो जिना होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. बाई पहिल्या पायरीशी गुडघ्यांवर बसल्या. पहिली सात इंच. दुसरी साडेनऊ. तिसरीच्या दगडाखाली पोकळी होती, डाव्या कडेला भार पडला की ती डुगडुगत होती. चौथी सहा इंचांची आणि खाली उतरती. बाई गुडघ्यांवरच एकेक पायरी चढत वर गेल्या. सातव्या पायरीशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली, आणि त्यांना धरायला काही सापडेना म्हणून त्यांनी तळवा भिंतीला लावला. नेमक्या त्याच उंचीवर भिंतीला एक लहानसा मळकट डाग होता. पाच बोटांचा.

बाप दारात उभा होता. आत खिडकीशी मुलगी पलंगावर बसून वहीत काहीतरी रंगवत होती.

"घर दुरुस्त करताय का मॅडम?" त्याने विचारलं. आवाजात इतकी आशा होती, की मिस्त्रींनी एकदम बोळाकडे तोंड फिरवलं. "घरमालक पायरीला हात लावू देत नाही. मी चार वेळा विचारलं. पण तुम्ही सांगितलंत तर ऐकेल कदाचित. तुमच्या तिकडच्यासारखं झालं तर…"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी हा जिना काढायला आले नाही. हा असाच तिकडे बांधायचाय. मुलांना घरी पाठवायच्या आधी शिकवायला."

बापाने पाहिलं त्यांच्याकडे. मग खिडकीकडे.

"हिला शिकवायला?"

खोटं बोलायची एक वेळ असते आणि ती फार लहान असते. बाईंनी ती जाऊ दिली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या वेळी मी तो खोडला होता. माझ्याकडे मागितला होता तरी. तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्हाला जमत नव्हतं असं काही नाही."

खाली बोळातून कोणीतरी रिकामी पिंपं लोटत नेत होतं, त्यांचा आवाज येऊन गेला. बाई थांबल्या. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. टेप भिरकावून दिला असता, पाटीवरचं वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवलं असतं, तरी चाललं असतं. त्यांनी त्यासाठी मान थोडी खालीही घातली होती.

त्याने खाली वाकून टेपचं लोंबणारं टोक उचललं आणि पायरीच्या कडेला नखाने दाबून धरलं, बेतणारा माणूस धरतो तसं, बरोब्बर शून्यावर.

"तिसरी कोरडी मोजू नका," तो म्हणाला. "ती कायम ओली असते. तेही लिहा."

*

यानंतर जे झालं ते मिस्त्रींच्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं प्रकरण, आणि ते त्यांनी स्वतः कोणालाही सांगितलेलं नाही.

मागच्या अंगणात छपराखाली जागा ठरली. बाईंनी नकाशा काढला. इतक्या काळजीने त्यांनी आजवर काहीच काढलं नव्हतं. प्रत्येक वाकडेपणाला माप, प्रत्येक उताराला आकडा. मिस्त्रींनी सामान मागवलं, थापी उचलली आणि चार दिवसांत जिना उभा केला. बाईंनी टेप लावला. सातही पायऱ्या साडेसहा इंचांच्या. केसाचाही फरक नाही.

"मिस्त्री, नकाशा बघितलात का?"

"बघितला की."

"मग हे काय?"

मिस्त्रींनी जिन्याकडे पाहिलं आणि ते स्वतःच चकित झाले. "बाई, देवाशप्पथ, मी वाकडीच लावत होतो. हात ऐकेना."

तोडला. पुन्हा बांधला. या खेपेला मिस्त्रींनी पाणसळ आणि ओळंबा घरी ठेवले, डोळ्यांवरचा चष्माही काढून ठेवला. दुसरी पायरी नऊ इंचांची झाली खरी, पण अशी देखणी आणि अशी पक्की, की चढावीशी वाटावी. तिसरीने हलायला साफ नकार दिला. ताई तिच्यावर उड्या मारून दमल्या.

"पन्नास वर्षं झाली," मिस्त्री खोक्यावर बसून म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा दिसला. "या हाताला वाईट येत नाही. मला काय ठाऊक, याचीही कधी गरज पडेल."

बाई त्यांच्याशेजारी बसल्या. दोघंही त्या सुंदर जिन्याकडे बघत राहिले. पुढच्या दारातली पितळी पाटी बाईंनी काढून टाकली होती; तिथल्या भिंतीवर चार स्क्रूंची भोकं उरली होती, आणि ती बुजवायचं दोघांनाही सुचत नव्हतं.

"मीही तेच म्हणणार होते," बाई म्हणाल्या.

रविवारी बाप आला. सोबत मुलीलाही आणलं होतं, कारण तिची आई कामावर होती आणि घरी दुसरं कोणी नव्हतं. मिस्त्रींच्या जिन्याकडे त्याने एकदा पाहिलं, बाह्या दुमडल्या आणि थापी मागितली.

"कधी धरली आहेस का?" मिस्त्रींनी विचारलं.

"कधीच नाही."

"मग तूच धर," मिस्त्री म्हणाले, आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्याच्याने बघवलं नसतं.

त्याने नकाशा उघडला नाही. चिखलात हात घालून तो दगड बसवायचा, त्यावर उभा राहायचा, एक पाय उचलायचा, मान हलवायचा आणि पुन्हा काढायचा. मधूनच डोळे मिटून हवेत पाय टाकून बघायचा. त्याच्या पायांना सगळं पाठ होतं. दिवसाला आठ वेळा वर आणि आठ वेळा खाली, आठ महिने. दर पंधरा-वीस मिनिटांनी कोपऱ्यातून विव्हळल्यासारखा आवाज येई:

"खाली चुरा किती घातलास रे?"

"मूठभर."

"अरे, हलेल ती!"

"हो काका. हलायलाच हवी."

चार वाजता सातवा दगड बसला. आणखी आठवडाभर तो वाळू दिला आणि पुढच्या रविवारी सगळे पुन्हा छपराखाली जमले. बाईंनी टेप काढला, पण बापाने हात आडवा केला.

"टेपने कळणार नाही," तो म्हणाला.

तो मुलीच्या खुर्चीकडे गेला. तिने आपसूक दोन्ही हात वर केले. त्याने तिला उचलून डाव्या कडेवर घेतलं, तिचे बूट त्याच्या मांडीवर आपटले, आणि तो जिन्याशी येऊन डोळे मिटून उभा राहिला.

ताई पुढे झाल्या. "अहो, डोळे तरी उघडे ठेवा."

"अंधारातच चढतो मी रोज," तो म्हणाला. "बोळात दिवा नाही."

पहिली. दुसरीला त्याने पाय नेहमीपेक्षा उंच उचलला आणि तो नेमका टेकला. तिसरी त्याच्याखाली डुगडुगली, त्याने भार उजवीकडे टाकला. चौथीच्या उतरत्या कडेवर पंजा आवळला. मिस्त्रींनी भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं. पाचवी. सहावी. बाई खाली गुडघ्यांवर बसून पावलं बघत होत्या, ओठांनी माप मोजत होत्या, आणि सातही मापं जुळत होती.

सातव्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी मुलीने मान खाली घातली. चटकन, सवयीने. हनुवटी बापाच्या खांद्यात खुपसली, क्षणभर तशीच राहिली आणि बाप वर पोचल्यावर पुन्हा डोकं वर काढून इकडेतिकडे बघू लागली.

वर काहीच नव्हतं. छप्पर तिच्या डोक्यापासून पाच फूट उंच होतं.

बाई हळूहळू उठल्या. वहीचं पान उलटून पाहिलं. मग पहिलं पान पाहिलं.

"तिथे काय आहे?" त्यांनी विचारलं. "घरी. शेवटच्या पायरीवर."

बापाने डोळे उघडले. मुलीच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेकडे त्याने पाहिलं.

"तुळई आहे," तो म्हणाला. "जरा खाली आलेली. एकदा लागली होती हिला, तेव्हापासून वाकते."

"माझ्याकडे नाही ती. लिहून घेऊ?" बाईंनी पेन्सिल काढली. "किती उंचीवर?"

त्याने पोरीला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेतलं.

"नको मॅडम," तो म्हणाला. "चालणाऱ्याला ती लागत नाही."